सव्वातीनचं पाणी

१

सहा माणसं आपल्याच गोळ्यानं मेली होती आणि कर्नलना त्यासाठी एक सही हवी होती.

"इथे." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "वाचायचं असेल तर वाचा. पण उभ्या उभ्या. बसा म्हणण्याइतका वेळ नाही माझ्याकडे."

तक्तेवाली उभीच राहिली. वेधशाळेत तिचं काम एवढंच, की बंदरात रोज भरती-ओहोटी किती वाजता आणि पाणी किती चढणार-उतरणार, याचे तक्ते वर्षभर आधी तयार करायचे. म्हणून टेकडीवरच्या तोफखान्यात तिला सगळे तक्तेवालीच म्हणत. तेही मागे, तोंडावर काहीच म्हणत नसत.

काल दुपारी बंदरावर दाट धुकं होतं. त्याचा फायदा घेऊन शत्रूची एक बोट सुरुंग पेरायला बंदराच्या तोंडाशी शिरली. मधेच धुकं फाटलं, ती दिसली आणि सव्वातीन वाजून दोन मिनिटांनी तोफांनी चार गोळे टाकले. चारही गोळे शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे गेले. चौथा पडला तो पलीकडून त्याला अडवायला निघालेल्या आपल्याच पहाऱ्याच्या बोटीवर. शत्रू सुरुंग टाकून आरामात निघून गेला.

"अंतर सांगणारा दुर्बीणवाला कोठडीत आहे," कर्नल म्हणाले. "आणि आपल्या बुडालेल्या बोटीचा तांडेल कोण? त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोन वर्षं बोलणं बंद. आठ दिवसांपूर्वी खानावळीत वीस जणांसमोर हा ओरडला होता, 'एक दिवस तुझ्या बोटीवरच गोळा टाकीन.' टाकला. पाच वाजता मी निकालावर सही करतो. उद्या पहाटे त्याला भिंतीपाशी उभा करतील."

"मग माझी सही कशाला?"

"तो म्हणतो, मला पाण्याचा आकडा चुकीचा सांगितला. नोंदवही म्हणते, बरोबर सांगितला. तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा, 'बरोबर' एवढं लिहा आणि चालत्या व्हा."

तक्त्यात फक्त भरती-ओहोटीच्या वेळा आणि पातळ्या असतात. मधल्या वेळेचं पाणी गणित करून काढावं लागतं. तिनं पिशवीतून कागद काढला, पाच-सहा ओळी मांडल्या. सव्वातीन वाजता, तीन मीटर बत्तीस सेंटिमीटर. वहीत सव्वातीनच्या ओळीत लिहिलं होतं, ३.३२.

"शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत बरोबर आहे," ती म्हणाली.

कर्नलनी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं, टोपण लावलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"म्हणूनच सही करत नाही."

२

कर्नलांचा चेहरा तापला. "म्हणजे?"

"माझा तक्ता इतका बरोबर कधीच येत नाही, साहेब. पाणी तक्ता वाचून वागत नाही. हवेचा दाब उतरला, वारा समुद्राकडून लागला की ते वर चढतं. काल दिवसभर दाब पडलेला होता. तुमच्याच वहीत बघा. साडेअकराला अर्धा मीटर. मग चार तास कोरे."

"बॉम्बच्या धक्क्यानं टेलिफोनची तार तुटली होती. फोनवाला स्वतः तार जोडायला गेला होता. तीन वाजून दहाला लाइन सुरू झाली."

"आणि साडेतीनला तीन पंचाहत्तर. तक्त्याप्रमाणे त्या वेळी तीन पंचावन्न हवं होतं. म्हणजे पाणी तक्त्याच्या वीस सेंटिमीटर वर चाललं होतं. फक्त सव्वातीनला ते शहाण्यासारखं तक्त्यावर आलं आणि पुढच्या पाव तासात त्रेचाळीस सेंटिमीटर चढलं? या बंदरात पाव तासात पाणी फार तर पंचवीस चढतं. ते उड्या मारत नाही."

"मग?"

"हा आकडा धक्क्यावर कोणी मोजलेला नाही. खुर्चीत बसून माझ्या तक्त्यावरून काढलाय. गोळे पडून गेल्यावर."

कर्नल खिडकीकडे गेले. खाली बंदरात जहाजं नांगर टाकून उभी होती. त्यांच्यामधून सुरुंग काढणाऱ्या दोन होड्या मुंगीच्या पावलांनी फिरत होत्या.

"पाच वाजेपर्यंत काय हुंगायचं ते हुंगा," ते पाठमोरे म्हणाले. "पाचाला तुमची सही असो नसो, माझी होईल."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

३

दुर्बीणवाल्याला दारूगोळ्याच्या रिकाम्या खोलीत ठेवलं होतं. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस जमिनीवर बसला होता. पहारेकऱ्यानं दार उघडलं तरी त्यानं मान वर केली नाही.

"आणखी एक शिव्या द्यायला आलं का?"

"प्रश्न विचारायला आलेय."

"उत्तर सोपं आहे. अंतर मी सांगितलं, गोळा तिथे पडला, भाऊ मेला. लिहा."

"पाण्याचा आकडा किती मिळाला होता?"

"अर्धा. तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा वही दाखवून माझं थोबाड फोडलं." त्याचा ओठ खरंच सुजला होता.

"शंका नाही आली?"

"आली. विचारलं, नक्की अर्धा? फोनवाला म्हणाला, नक्की. खाली धुकं, किनारा दिसत नाही, समोर शत्रू. मी काय उतरून पाण्यात पाय घालून बघणार होतो?" त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? मला वाटलंही होतं भावाला मारावं. दोन वर्षं वाटत होतं. आई गेली तेव्हा तार पाठवली यानं मला, सगळं उरकल्यावर. तेव्हा आता तुम्ही गणित करून मला सोडवायला निघाला असाल तर परत जा, बाई."

ती परत गेली नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून तिनं खरंच गणित केलं.

दुर्बीण समुद्राच्या शून्यरेषेपासून साठ मीटर उंचीवर होती. शत्रूची बोट पाण्याला जिथे टेकते तिथे दुर्बिणीच्या काचेतली आडवी तार जुळवायची. दुर्बीण किती झुकली त्यावरून अंतर कळतं. पण भरतीला समुद्रच वर येतो, दुर्बिणीची उंची तेवढी कमी होते. म्हणून दर पाव तासाला धक्क्यावरून फोन येतो आणि पाण्याची पातळी दुर्बिणीच्या चकतीवर लावतात. पातळी चुकली की अंतर चुकलं.

समोरच्या टेकडीवरच्या तोफखान्यानं गोळे कुठे पडले ते टिपून ठेवलं होतं. शत्रू चार हजार मीटरवर. चारही गोळे त्याच्या पलीकडे, सरासरी दोनशे दहा मीटर. तोफ चुकली असती तर गोळे इकडेतिकडे विखुरले असते. हे चारही एकाच मापानं चुकले होते. तिनं स्लाइड रूल सरकवला. एवढ्या चुकीसाठी उंची तीन मीटरनं चुकायला हवी. खरं पाणी साधारण साडेतीन होतं. साडेतीनातून तीन गेले.

अर्धा.

म्हणजे माणूस खरं बोलत होता, आणि समुद्रात पडलेल्या चार गोळ्यांनी त्याची साक्ष दिली होती. पण कर्नल लगेच म्हणणार, अर्धा त्यानं मुद्दाम लावला. सव्वातीन वाजता फोनवर नेमकं काय बोललं गेलं, ते शोधायला हवं होतं.

ती उठली तर समोर एक बाई उभी. केस विस्कटलेले, डोळे कोरडे. तांडेलाची बायको, दुर्बीणवाल्याची वहिनी.

"त्या मेल्याला वाचवणारी तूच का?" ती म्हणाली. "सकाळपासून फाटकाशी बसलेय मी. त्याला नेतील तेव्हा बघायचंय. तू मध्ये आलीस तर तुझेही केस धरीन."

तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. तेच भयंकर होतं.

४

टेलिफोनची खोली जमिनीखाली होती. कोंदट, बाँब पडला तरी टिकेल अशी. तिथे विशीतला एक गोरागोमटा तरुण बसला होता. बूट लखलखीत. तार जोडायला जुना फोनवाला गेला तेव्हा खुर्चीत हाच होता. दहा दिवसांपूर्वी कोठारावरचा कारकून म्हणून आलेला. समुद्र उभ्या जन्मात पहिल्यांदाच पाहिलेला.

"काल सव्वातीनला धक्क्यावरून किती आकडा आला?"

"तीन पॉइंट बत्तीस." धडा म्हणावा तसं त्यानं म्हटलं.

"धक्क्यावरच्या मापाऱ्यानं 'पॉइंट' असा शब्द वापरला?"

"त्याचं बोलणं कुणाला कळतं? लाइनवर तळल्यासारखा आवाज. आणि म्हाताऱ्याला फोनची पद्धत माहीत नाही. मी विचारतो, 'पाणी?' त्यानं आकडा सांगावा, मी तो परत म्हणावा, मग त्यानं 'आउट', म्हणजे बोलणं संपलं, असं म्हणून फोन ठेवावा. तसं शिकवतात. हा आधीच ठेवतो."

"आधीच? म्हणजे तू आकडा परत म्हटला नाहीस?"

"म्हटला असेल."

"आणि तू दुर्बीणवाल्याला काय सांगितलंस?"

"तीन पॉइंट बत्तीस."

"वहीत तेव्हाच लिहिलंस?"

तो गडबडला. "लिहिलं… म्हणजे लिहिलं गेलं. हे बघा, मला इथे बसायचंच नव्हतं. दाजी म्हणाले, खाली बस, खाली काही धोका नाही, म्हणून…" तो एकदम थांबला. "म्हणजे कॅप्टनसाहेब म्हणाले."

तक्तेवालीनं कागदावरून मान वर केली नाही. दाजी म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. तोफखान्यात कॅप्टन एकच, कर्नलांच्या खालोखालचा. आणि कॅप्टनची बायको याची बहीण आहे, हे या टेकडीवर कोणाला माहीत नव्हतं.

"दाजींचं अक्षर कसं आहे रे?" तिनं सहज विचारलं.

तरुणाचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला.

५

दुर्बिणीच्या खोलीत कॅप्टन स्वतः तिची वाट पाहत होता. उंच, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे माहीत असलेला.

"तपास चाललाय म्हणे. वेधशाळेत काम कमी पडलं का?"

"चकती बघायचीय."

"बघा. काल गोळीबार थांबल्यापासून कोणी हात लावलेला नाही. तीन बत्तीसवरच आहे. म्हणजे आकडा बरोबर होता, आणि त्या नीच माणसानं तो लावलाही होता. फक्त तोफांना अंतर मुद्दाम वाढवून सांगितलं."

तिनं चकतीला कान लावून ती हळूच फिरवली. टक. टक. दर पाव मीटरला एक खाच, आणि खाचेत काटा आपोआप बसतो. सव्वातीन मीटर. टक. साडेतीन. टक. अंधारातही हातानं कळावं म्हणून केलेली सोय. तीन बत्तीसला खाच नव्हती. तिथे काटा डोळ्यासमोर धरून, जपून थांबवावा लागत होता. शत्रू समोर असताना वर्षानुवर्षं खाचांवर बोट चालवलेला माणूस असं करणार?

"तीन बत्तीस," ती म्हणाली. "मापारी पाव-अर्धा-पाऊण सांगतो, वहीभर तेच आहे. चकतीला पाव-अर्धा-पाऊण कळतं. मग हे बत्तीस आलं कुठून?"

"मला काय विचारता? तुमच्या तक्त्यात आहे ना?"

"तक्त्यात नाही. तक्त्यावरून काढावं लागतं. सगळ्यांना जमत नाही ते."

"जमायला काय झालं? भरती-ओहोटीतला फरक घ्यायचा, वेळेचा कोन काढायचा, कोसाइननं गुणायचं." कॅप्टन हसला. "आम्ही तोफवाले म्हणजे अगदीच दगड वाटलो का तुम्हाला? मी गणितात पहिला आलेलो आहे, बाई. या टेकडीवर ते येणारा मी एकटाच."

"हेच विचारायचं होतं," ती म्हणाली.

कॅप्टनचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. तो दारात आडवा झाला.

"आरोप करताय? कशावरून? गणित येतं म्हणून? माझी बदली होईल फार तर. त्या कोठडीतल्याचं काही बदलणार नाही. फोनवर काय बोलणं झालं हे दोनच माणसांना माहीत. एक माझा माणूस आणि एक बडबड्या म्हातारा. जा, करा सिद्ध."

त्यात खोटं काही नव्हतं. अडीच वाजून गेले होते.

६

धक्क्याच्या टोकाला लाकडाची टपरी, टपरीत फोन, आणि समोर पाण्यात उभी आकड्यांची पट्टी. मापारी बाकावर बसून पट्टीकडे बघत होता. जणू डोळा लवला तर पाणी फसवून पुढे जाईल.

"आजोबा…"

"तुझा आजा नाही मी. सकाळपासून तिघे येऊन गेले. प्रत्येकाला वाटतं म्हातारा आंधळा झालाय, चुकीचं पाणी सांगितलं. पन्नास वर्षं हेच करतोय. तेव्हा तुझा बाप रांगत होता."

"काल सव्वातीनला किती होतं?"

"जेवढं होतं तेवढं सांगितलं."

"पण काय सांगितलंत? शब्द काय होता?"

"आता शब्दात पकडणार होय मला?" म्हातारा भडकला. "वहीत लिहिलंय ना? ती बघा. तुम्हा लोकांचं ते पॉइंट न् बिंट मला येत नाही, आणि शिकायचंही नाही. आम्हाला मास्तरांनी छडीखाली पाढे घोकून घेतले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पाणी मोजायला तेवढं पुरतं. आता ऊठ, उजेड अडवू नकोस."

"जुना फोनवाला तुमचं बोलणं समजतो?"

"तो माणूस आहे. सहा वर्षांत एकदा चुकला नाही. कालचं कार्टं कोण होतं कुणास ठाऊक, काय काय म्हणून ओरडत बसलं. मी एकदा सांगतो, आणि ठेवतो."

त्यानं पाठ फिरवली. बोलणं संपलं.

तक्तेवाली धक्क्यावरून परत निघाली. डोकं रिकामं झालं होतं. चालता चालता पावलांच्या तालावर म्हाताऱ्याची यादी उगाच तोंडात घोळत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पाच शब्दांपर्यंत पावलं नीट पडत होती. सहाव्याला ती जागच्या जागी थांबली.

मग तिनं घाईघाईनं कागद काढला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. आज वारा पडला होता, दाब चढला होता, पाणी तक्त्याजवळ असणार. कालची ती पातळी आज यायला हवी सव्वाचारच्या सुमाराला.

ती पळत मागे फिरली. "आजोबा, सव्वाचारला फोनवर तुम्हीच असाल ना?"

"मी नाही तर काय मासे बोलतील?"

७

चार वाजून दहा. कर्नलांच्या खोलीत निकालाचा कागद टेबलावर होता. कॅप्टन हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. त्याचा मेहुणा दाराशी, पायांवर भार बदलत.

"पन्नास मिनिटं उरलीत," कर्नल म्हणाले. "काय आणलंत?"

"एक विनंती. सव्वाचारचा धक्क्याचा फोन इथे जोडून घ्या, आणि तुम्ही स्वतः घ्या. 'पाणी?' एवढंच विचारा. जे ऐकू येईल ते या कागदावर लिहा."

"पोरखेळ आहे का?"

"एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि अर्ध्या मिनिटाचा."

कर्नलनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर खोलीबाहेर गेली असती. मग फोन जोडायला सांगितला.

घंटा वाजली.

"पाणी?" कर्नल गुरगुरले.

पलीकडे खरखर. मग एक शब्द. मग फोन ठेवल्याचा आवाज.

"मूर्ख आहे!" कर्नलनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. "आकडा सांगितलाच नाही."

"काय ऐकलंत ते लिहा."

त्यांनी खरडलं आणि कागद तिच्याकडे फेकला. कागदावर होतं, 'आउट'.

"आता जुन्या फोनवाल्याला बोलवा. त्याला म्हणावं, मापाऱ्यानं काय सांगितलं असेल?"

जुना फोनवाला शेजारच्या खोलीत होता. आला, कागद पाहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "हे आउट नाही, साहेब. औट आहे. औट म्हणजे साडेतीन. म्हाताऱ्याच्या वेळी साडेतीनला औट म्हणायचे. औटकीचा पाढा नाही का? मी तसंच वहीत साडेतीन मांडतो."

कर्नलनी कागद त्याच्या हातातून परत घेतला.

तक्तेवाली दाराशी उभ्या तरुणाकडे वळली. "काल तू हाच शब्द ऐकलास. फोनवर आउट म्हणून ठेवायचं, हे तुला पाठ. पण आकडा तर आला नव्हता. मग तुला वाटलं, म्हातारा पाण्याबद्दलच बोलतोय. पाणी आउट. म्हणजे बाहेर गेलेलं. ओहोटी. वहीत वरच्या ओळीत काय होतं? अर्धा. चार तासांत समुद्र तीन मीटर चढतो हे तुला ठाऊकच नव्हतं, कारण तू समुद्र पाहिलाच नव्हतास. तू अर्धा सांगितलास. त्यानं 'नक्की?' विचारलं. तू 'नक्की' म्हणालास."

तरुण कॅप्टनकडे वळला. "मला खरंच वाटलं पाणी गेलंय… दाजी, मी तुम्हाला लगेच सांगितलं होतं ना!"

"तोंड बंद कर!" कॅप्टन ओरडला.

"दाजी?" कर्नल सावकाश म्हणाले.

"कॅप्टनसाहेबांची चूक एवढीच झाली, की यांनी फार अचूक काम केलं," तक्तेवाली म्हणाली. "वहीतली ओळ कोरी होती. यांनी तक्त्यावरून गणित करून ३.३२ भरलं, चकतीही तिथेच आणून ठेवली. साडेतीन असं नुसतं लिहिलं असतं तर मी आज सकाळी सही करून घरी गेले असते. पण खरं पाणी किती होतं ते यांना धक्क्यावर विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर कोणाला तरी कळलं असतं. चकतीला बत्तीसची खाच नाही. मापाऱ्याकडे बत्तीस हा शब्द नाही. आणि या टेकडीवर बत्तीस काढता येणारा माणूस एकच, हे यांनीच मला दुपारी सांगितलं."

"पोर आहे तो!" कॅप्टनचा आवाज फाटला. "त्याच्या बहिणीला शब्द दिला होता मी, याला खरचटू देणार नाही म्हणून. एका चुकीसाठी त्याला भिंतीपाशी उभा करू? तो दुर्बीणवाला तर स्वतःच म्हणतो, मी मारलं. त्याला जगायचंच नाहीये. मग एकाच्या जागी दुसरा…"

"चुकीसाठी भिंत नसते, कॅप्टन," कर्नल म्हणाले. "चूक लपवायला दुसऱ्याचा जीव पुढे करण्यासाठी असते. कमरेचं पिस्तूल टेबलावर ठेवा."

निकालाचा कागद त्यांनी फाडला नाही. त्यावरचं नाव खोडलं आणि जागा मोकळी ठेवली. मग तक्तेवालीकडे न बघता म्हणाले, "तुम्ही मला माझ्याच खोलीत मूर्ख बनवलंत. लक्षात ठेवीन."

"ठेवा," ती म्हणाली. "आणि उद्यापासून मापाऱ्याचा शब्द ज्याला कळतो, त्यालाच फोनवर बसवा."

८

कोठडीचं दार उघडलं तेव्हा दुर्बीणवाला उठायलाच तयार नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. औट, अर्धा, कोरी ओळ, बत्तीस. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मी जे सांगितलं ते खरं होतं."

"हो."

"पण त्यानं भाऊ काही परत येत नाही."

"नाही."

"मग एवढी धावपळ कशाला केलीत?" त्यानं चिडून विचारलं. गणित बरोबर आलं होतं. पण या प्रश्नापुढे ते गणित तिच्या हातात नुसतंच राहिलं.

तो बाहेर आला. फाटकापर्यंतची वाट लांब नव्हती, पण तो ती सावकाश चालला. वहिनी फाटकाशी जमिनीवर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. तोफखान्यात बातम्या गोळ्यांपेक्षा नेमक्या पडतात. तिनं त्याला येताना पाहिलं आणि नजर हटवली नाही.

तो चार पावलांवर थांबला. दोन वर्षांत तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"तुम्ही मारलं नाहीत म्हणे, भावजी," ती म्हणाली.

तो आणखी दोन पावलं पुढे आला.

"काल दुपारपासून मी तुम्हाला शिव्या घालतेय. त्यावरच तग धरून आहे. आता म्हणतात शब्द चुकला. फोनची खरखर. कोणाचा तरी पोरसवदा मेहुणा." तिचा आवाज आता मात्र हलला. "मग मी शिव्या घालू कोणाला?"

दुर्बीणवाला तिच्यासमोर जमिनीवर बसला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"मलाच घाला, वहिनी," तो म्हणाला. "मी ऐकतो."

तिनं पदर कमरेला खोचला आणि सुरुवात केली.